इंजिन जागेवर, परीक्षा माणसाची

दसरा उलटला की यवतमाळ, वणी, पांढरकवडा या भागांतील जिनांमध्ये कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि रेचे रात्रंदिवस फिरू लागतात. अशाच एका जिनात पुष्कळ वर्षे फिटरचे काम केलेल्या एका गृहस्थांची रीत मी अनेकदा पाहिली आहे. रेच्याच्या बेअरिंगविषयी शंका आली की ते यंत्र बंद करीत नसत. लांब पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवीत, मूठ कानाशी धरीत आणि डोळे मिटून क्षणभर ऐकत. मग एक तर मान हलवून पुढे जात, नाही तर मालकाला स्पष्ट सांगत की, रात्रपाळीपूर्वी हे बदलले पाहिजे. एकदा मी त्यांना विचारले, “यंत्र उघडूनच का पाहत नाही?” ते म्हणाले, “सर, मशीन चालू असते तेव्हाच बोलते. खोलली की मुकी होते.”

हे वाक्य अर्थशास्त्राच्या अध्यापकाने वहीत टिपून ठेवावे असे आहे. कारण जगातील सर्वांत महागड्या यंत्रांपैकी एक जे जेट इंजिन, त्याच्या देखभालीचे शास्त्र गेल्या साठ वर्षांत ज्या निष्कर्षाकडे सरकत आले, तो जवळजवळ याच शब्दांत सांगता येईल. विमानाच्या पंखाखालून इंजिन उतरवून ते कारखान्यात नेऊन तपासण्याऐवजी, ते जागेवर, विमानालाच जोडलेले असताना चालवून तपासायचे आणि त्याच्या प्रकृतीवरून पुढचा निर्णय घ्यायचा, ही रीत आता विमानव्यवहाराच्या अर्थकारणाचा कणा झाली आहे.

यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावी बसून जेट इंजिनांविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण यवतमाळहून सुमारे दीडशे किलोमीटरवर, नागपूरच्या मिहान प्रकल्पात, ही परीक्षा घेणारे केंद्र उभे आहे. आपल्या जिल्ह्यातील विज्ञान शाखेची, तंत्रनिकेतनांची आणि आयटीआयची मुले ज्या रोजगाराची स्वप्ने पाहतात, त्यांतील एक वाट त्या केंद्राच्या दारातून जाते. तेव्हा या परीक्षेत नेमके काय होते आणि तिच्यात कोण उत्तीर्ण व्हावे लागते, हे समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

इंजिनाची चाचणी दोन प्रकारे होऊ शकते. पहिला प्रकार चाचणीगृहाचा. इंजिन विमानापासून सोडवून जाड भिंतींच्या एका मोठ्या दालनात भक्कम चौकटीला टांगतात. चौकटीत बसविलेली मापके इंजिनाचा रेटा, म्हणजे ते विमानाला किती जोराने पुढे लोटू शकेल, हे प्रत्यक्ष मोजतात. मोठी उघडझाप झालेल्या इंजिनाला या परीक्षेतून जावेच लागते. दुसरा प्रकार जागेवरच्या चाचणीचा. विमान धावपट्टीपासून दूर, नेमून दिलेल्या मोकळ्या जागी उभे करतात. त्याचे नाक वाऱ्याकडे वळवितात, चाकांखाली भक्कम ठोकळे लावतात, ब्रेक बांधतात आणि मग इंजिन सुरू करतात. लढाऊ विमानांच्या बाबतीत तर विमान जमिनीत पुरलेल्या नांगराला साखळदंडासारख्या जोडणीने बांधून ठेवावे लागते, कारण पूर्ण शक्तीवरच्या इंजिनाला केवळ ब्रेक आवरू शकत नाहीत.

वाचकांना वाटेल, इंजिन चालू करून पाहिले, आवाज ठीक आला, संपले. तसे नाही. इंधनाच्या यंत्रणेतील एखादा भाग बदलला असेल तर प्रथम इंजिन इंधनाशिवाय, केवळ सुरू करण्याच्या मोटरने फिरवितात. तंत्रज्ञांच्या बोलीत ही कोरडी फेरी. मग इंधन सोडून, पण ठिणगी न देता फिरवितात. ही ओली फेरी. जोडांतून तेल वा इंधन पाझरते का, ते या वेळी पाहतात. त्यानंतर खरे ज्वलन सुरू होते. काही मिनिटे इंजिन मंद गतीवर तापू द्यायचे, मग शक्ती पायरीपायरीने वाढवायची आणि प्रत्येक पायरीवर आकडे टिपायचे: पंख्याची गती, आतल्या गाभ्याची गती, टर्बाइनमागून बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान, इंधनाचा खप, तेलाचा दाब आणि कंपन. शेवटी पुन्हा मंद गतीवर आणून इंजिन निवू द्यायचे, बंद करायचे आणि झाकणे उघडून गळती झाली का ते पाहायचे. एक माणूस वैमानिकाच्या खुर्चीत असतो, दुसरा बाहेर कानाला संदेशयंत्र लावून उभा असतो. दोघांमधला संवाद तुटला तर चाचणी थांबवायची, हा नियम.

येथे एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. पंखाखाली टांगलेल्या इंजिनाचा रेटा प्रत्यक्ष मोजता येत नाही. तेथे मापकाची चौकट नसते. म्हणून तो अप्रत्यक्षपणे ओळखावा लागतो. अमुक गतीला अमुक तापमान यायला हवे, त्याहून अधिक आले तर इंजिन त्याच कामासाठी जास्त कष्ट घेत आहे, असे अनुमान काढायचे. परवानगीच्या कमाल मर्यादेपर्यंत किती अंतर शिल्लक आहे, यावरून इंजिनाचे उरलेले बळ कळते. इंजिन जुने होत जाते तसे हे अंतर कमी होत जाते. पात्यांवर साचलेला मळ पाण्याने धुऊन काढला, तर त्यातले थोडे परत मिळते, आणि हे धुणेही जागेवरच करता येते.

शिवाय आकडे जसेच्या तसे वाचून चालत नाही. पुष्कळशा मोठ्या इंजिनांचा पूर्ण रेटा साधारण ३० अंश तापमानापर्यंतच्या हवेसाठी ठरविलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना शिवतो. तापलेली हवा विरळ असते आणि इंजिनाला त्याच कामासाठी अधिक तापावे लागते. म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्यात दुपारी घेतलेले आकडे आणि पौषातल्या पहाटे घेतलेले आकडे यांची सरळ तुलना करणे म्हणजे घोर चूक. दोन्ही आकडे १५ अंशांच्या प्रमाण हवामानाला बसवून, मगच निष्कर्ष काढावा लागतो. किंमतींची तुलना करताना आपण चलनवाढ वजा करतो, तसाच हा प्रकार आहे. आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आता प्रश्न असा की, चाचणीगृहात सर्व काही नेमके मोजता येत असताना ही अप्रत्यक्ष रीत का पत्करायची? याचे एक उत्तर उघड आहे. इंजिन उतरविले की विमान उभे राहते, आणि उभे विमान भाडे, व्याज व पगार खात असते. कमावीत काहीच नाही. जागी बसवायला दुसरे इंजिन हवे, म्हणजे कोट्यवधींचे भांडवल गुदामात पडून हवे. हा व्यय किती जीवघेणा ठरतो, याचे उदाहरण ताजे आहे. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही कंपनी बंद पडली, तेव्हा तिने आपल्या संकटाचे खापर वेळेवर न मिळालेल्या इंजिनांवर फोडले. तिच्या ताफ्यातील पुष्कळ विमाने इंजिनांवाचून जमिनीवर उभी होती, हे तर साऱ्यांनीच पाहिले.

दुसरे उत्तर मात्र सहजासहजी सुचणारे नाही, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. वारंवार उघडण्याने यंत्र सुधारतेच असे नाही. कित्येकदा ते बिघडते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या किनारी विभागातील विमानांच्या नोंदी वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. ठराविक उड्डाणतासांनी विमानाची नियमित तपासणी होई. अपेक्षा अशी की, तपासणीनंतर लगेच बिघाड कमीत कमी असावेत आणि पुढच्या तपासणीच्या वेळेपर्यंत ते वाढत जावेत. आढळले उलटेच. तपासणीनंतर लगेच बिघाडांची संख्या सर्वांत जास्त असे आणि मग ती हळूहळू उतरे. म्हणजे तपासणी करणारे हातच काही दोष आत सोडून येत होते.

पुढे नागरी विमानकंपन्यांनी हाच धागा उचलला. १९६८ मध्ये बोइंग ७४७ साठी देखभालीचा नवा आराखडा तयार झाला. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोन अधिकाऱ्यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालात या अनुभवाचा हिशेब मांडला. डीसी-८ या जुन्या विमानाच्या मूळ आराखड्यात ३३९ भाग ठराविक मुदतीला उघडून नवे करण्याचे बंधन होते. नंतरच्या डीसी-१० मध्ये ही संख्या अवघी ७ उरली, आणि वगळलेल्या भागांत खुद्द इंजिन होते. ढाच्याच्या मोठ्या तपासणीच्या बाबतीत फरक असाच होता. पहिल्या २०,००० उड्डाणतासांपर्यंत डीसी-८ सारख्या लहान विमानावर ४० लाखांहून अधिक श्रमतास खर्च होत. ७४७ सारख्या अजस्र विमानावर ६६ हजार. आणि सुरक्षितता कमी झाली नाही. मुदतीवर आधारलेली देखभाल जाऊन प्रकृतीवर आधारलेली देखभाल आली, ती या आकड्यांच्या बळावर.

या दोन विचारपद्धती आपल्या राज्यातही शेजारी शेजारी नांदल्या आहेत. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिग-२१ तेथे बांधले गेले, पुढे सुखोई-३० त्याच कारखान्यात तयार झाले. हवाई दलाचे दुरुस्ती आगारही ओझरलाच आहे, आणि हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय नागपुरात. रशियन बनावटीच्या इंजिनांची परंपरा अशी की, ठरलेले तास भरले की इंजिन पूर्ण उघडायचे, त्याची प्रकृती कशीही असो. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले, तेव्हा एका विमानाबरोबर एका काळाचाही निरोप घेतला गेला. त्या पद्धतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. जेथे नोंदींवर आणि स्थानिक निर्णयावर भरवसा ठेवता येत नाही, तेथे दिनदर्शिका हाच सुरक्षित कारकून असतो. पण तो महागडा कारकून आहे, हे विसरू नये.

जागेवरच्या परीक्षेचे गुणगान करताना तिच्या मर्यादा लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंजिनातील फिरत्या चकत्यांचे आयुष्य उड्डाणांच्या संख्येत मोजलेले असते. ती संख्या भरली की चकती कितीही निरोगी दिसो, ती बदलावीच लागते. काही दोष चालू इंजिनाच्या आकड्यांत मुळीच उमटत नाहीत. १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीच्या विमानाच्या इंजिनातील पंख्याचे एक पाते उड्डाणात तुटले आणि एक प्रवासी स्त्री प्राणास मुकली. पात्याच्या मुळाशी धातूला पडलेली चीर कोणत्याही तापमापकाने सांगितली नसती. त्यानंतर पात्यांची ध्वनिलहरींनी तपासणी सक्तीची झाली. सुदैवाने तीही इंजिन विमानावर असतानाच करता येते. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनी कंपनीने आपल्या एका इंजिनप्रकारात धातूच्या भुकटीतील अशुद्धतेचा दोष जाहीर केला, तेव्हा मात्र जागेवरचा कोणताही उपाय पुरेसा नव्हता. इंजिने उतरवावी लागली आणि जगभर शेकडो विमाने उभी राहिली. आपल्याकडील इंडिगोचीही अनेक विमाने त्यांत होती. तात्पर्य, काय जागेवर ऐकू येते आणि काय उघडल्यावाचून दिसत नाही, यांतील सीमारेषा ओळखणे हेच खरे ज्ञान. ते नसेल तर जागेवरची परीक्षा म्हणजे केवळ खर्च वाचविण्याचे निमित्त होईल.

दुसरी मर्यादा धोक्याची. १५ नोव्हेंबर २००७ रोजी फ्रान्समधील तुलूज येथे एक कोरे करकरीत एअरबस ए-३४० विमान ताब्यात देण्यापूर्वी तपासले जात होते. तेल कोठून पाझरते ते शोधण्यासाठी चारही इंजिने एकाच वेळी मोठ्या शक्तीवर चालविली गेली. चाकांखाली ठोकळे लावलेले नव्हते. काही मिनिटांनी विमान पुढे सरकले. आतल्या माणसाने ते थोपविण्याच्या घाईत नाकाचे चाक वळविले, आणि अवघ्या काही सेकंदांत विमान चाचणीच्या आवाराची भिंत चढून मोडून पडले. आत नऊ जण होते. त्यांतील काही जबर जखमी झाले. चौकशीतून निघालेले मूळ कारण साधे होते: लिहून ठेवलेली पद्धत पाळली गेली नव्हती. आपल्याकडे १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला जाऊन मरण पावला. ती चाचणी नव्हती, विमान उड्डाणासाठी मागे ढकलले जात होते. पण चालू जेट इंजिनापुढे उभ्या असलेल्या माणसाचा जीव किती क्षणभंगुर असतो, हे त्या घटनेने साऱ्या देशाला दाखविले. ज्या कामात एका ठोकळ्याचा विसर पडल्याने विमान जाते आणि एका पावलाच्या चुकीने माणूस जातो, तेथे कौशल्याइतकेच शिस्तीचेही मोल असते.

आता मी त्या जिनच्या फिटरकडे परत येतो, कारण या विषयाशी माझा संबंध त्यांच्यामुळेच आला. त्यांचा मुलगा बारावीपर्यंत माझ्या एका सहकाऱ्याचा विद्यार्थी होता. पुढे कर्ज काढून त्याने विमानदेखभालीचा अभ्यासक्रम पुरा केला, परीक्षा दिल्या आणि तो देशातील एका मोठ्या विमानतळावर एका दुरुस्ती कंपनीत लागला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घरी आला असता त्याने एक प्रसंग सांगितला. रात्री एका इंजिनाची जागेवर चाचणी झाली. कंपनाचा आकडा परवानगीच्या मर्यादेत होता. कागदावर इंजिन उत्तीर्ण होते. पण याने मागच्या काही चाचण्यांच्या नोंदी काढून पाहिल्या, तर आकडा प्रत्येक वेळी थोडाथोडा वर चढत आला होता. सकाळी सहाला विमान जायचे होते. वरिष्ठ म्हणाले, “मर्यादेत आहे ना? मग सही कर.” याने सही केली नाही. त्याने बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीतून आत सोडायची दुर्बीण, लावून पाहण्याचा आग्रह धरला. पहाटे आतल्या एका पात्याची कड तुटलेली सापडली. विमान उशिरा गेले, कंपनीचे नुकसान झाले, आणि याला शाबासकी मिळाली नाही. पुढच्या महिन्यात त्याची पाळी बदलण्यात आली, एवढेच.

मी त्याला विचारले, “तुला भीती नाही वाटली?” तो म्हणाला, “वाटली ना सर. घरी कर्जाचा हप्ता होता. पण सही माझी होती.”

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे एक जुनी समस्या आहे. ज्याच्याजवळ माहिती असते त्याला निर्णयाचा अधिकार नसतो, आणि ज्याला अधिकार असतो त्याला उशिराची किंमत दिसते, पण धोक्याची दिसत नाही. मुदतीच्या पद्धतीत हा संघर्ष फारसा उद्भवत नाही. तास भरले, इंजिन उतरवा, विषय संपला. प्रकृतीवर आधारलेल्या पद्धतीत मात्र प्रत्येक चाचणीनंतर कोणा एका माणसाला निर्णय घ्यावा लागतो. वाचलेला सर्व पैसा, उडत राहिलेली सर्व विमाने, ही त्या माणसाच्या प्रामाणिक वाचनावर आणि ‘नाही’ म्हणण्याच्या त्याच्या स्वातंत्र्यावर उभी असतात. यंत्राची परीक्षा जागेवर होते असे आपण म्हणतो. वस्तुतः परीक्षा होते ती माणसाची.

या प्रकाशात नागपूरच्या केंद्राकडे पाहावे. जानेवारी २००६ मध्ये एअर इंडियाने बोइंगकडे ६८ विमानांची मागणी नोंदविली. त्या व्यवहाराचा भाग म्हणून बोइंगने भारतात देखभाल केंद्र उभारून देण्याचे मान्य केले आणि त्यासाठी १० कोटी डॉलरचा आकडा जाहीर झाला. केंद्र मिहानमध्ये आले. आरंभापासून काम सुरू होईपर्यंत जवळजवळ नऊ वर्षे गेली. २०१५ मध्ये ते एअर इंडियाच्या हाती आले. बोइंग ७७७ व ७८७ या मोठ्या विमानांची देखभाल तेथे होऊ लागली, आणि या विमानांच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या इंजिनांचे कामही त्याच आवारात आले. ७७७ च्या इंजिनाचा रेटा १ लाख १५ हजार पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५२ टनांच्या घरात आहे आणि त्याच्या पंख्याचा व्यास सव्वातीन मीटर. असे इंजिन ज्या आवारात चालवून पाहिले जाते, तेथील तंत्रज्ञ जगात कोठेही मान ताठ ठेवून उभा राहू शकतो. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, तेव्हा हे केंद्र चालविणारी अभियांत्रिकी कंपनी त्या विक्रीतून वगळलेली होती. ती शासनाकडेच राहिली.

करांचा अडसरही पुष्कळसा दूर झाला आहे. देशात विमान दुरुस्त करून घेतले तर १८ टक्के वस्तू व सेवा कर आणि परदेशात पाठविले तर त्याहून कमी बोजा, अशी उफराटी स्थिती होती. १ एप्रिल २०२० पासून हा कर ५ टक्क्यांवर आला. जुलै २०२४ पासून आयात होणाऱ्या सुट्या भागांवरही एकसारखा ५ टक्के दर लागू झाला. म्हणजे आता स्पर्धेत मागे राहिलो तर दोष करांना देता येणार नाही. स्पर्धक तर दाराशीच आहे: नोव्हेंबर २०२५ मध्ये हैदराबादला साफ्रान या फ्रेंच कंपनीच्या इंजिन दुरुस्ती केंद्राचे उद्घाटन झाले, आणि वर्षाला सुमारे ३०० इंजिनांची क्षमता हे त्याचे जाहीर उद्दिष्ट आहे. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातील मुलांना हैदराबाद काही परके नाही.

विदर्भातील विकासाची चर्चा नेहमी जमीन, शेड आणि धावपट्टी यांच्याभोवती फिरते. यवतमाळच्या विमानतळाचेच पाहा. २००९ मध्ये राज्य शासनाने यवतमाळसह नांदेड, लातूर, बारामती आणि तेव्हाचे उस्मानाबाद येथील विमानतळ दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने एका खाजगी उद्योगसमूहाकडे सोपविले. यवतमाळहून नियमित प्रवासी सेवा काही उभी राहिली नाही. धावपट्टी असली म्हणजे विमान येते, हा समज त्या अनुभवाने तरी दूर व्हायला हवा. तोच समज आपण नागपूरच्या केंद्राबाबत बाळगू नये. शेड असली म्हणजे कसब येत नाही.

मग काय हवे? पहिली गोष्ट, विमानदेखभालीच्या परवान्यासाठीचे शिक्षण आज बहुतांशी महागड्या खाजगी संस्थांत मिळते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा अवघड आहेत, त्या इंग्रजीत आहेत, आणि प्रत्यक्ष अनुभवाची वर्षे भरावी लागतात. पुसद, दिग्रस, उमरखेडच्या शेतकऱ्याच्या मुलाला हे कर्जाशिवाय परवडत नाही. शासनाचा पैसा या शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांत घातला, तर तो आणखी एका शेडपेक्षा अधिक फळ देईल. दुसरी गोष्ट, आपल्या महाविद्यालयांतून प्रयोगवही लिहिण्याची जी रीत पडली आहे ती मोडली पाहिजे. आधी उत्तर ठरवायचे आणि मग त्याला जुळतील असे आकडे भरायचे, ही सवय आम्ही अध्यापकांनी डोळ्यांआड केली आहे. जो विद्यार्थी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत खोटा आकडा लिहायला शिकतो, त्याच्या सहीवर उद्या तीनशे प्रवासी बसणार आहेत. तिसरी गोष्ट कायद्याची आणि कंपन्यांच्या रीतीची. शंका आली म्हणून सही नाकारणाऱ्या तंत्रज्ञाला संरक्षण हवे, आणि ते कागदावर नव्हे तर पाळीच्या तक्त्यात दिसले पाहिजे. उशिराची किंमत हिशेबात दिसते. टळलेल्या अपघाताची किंमत कोणत्याच ताळेबंदात मांडता येत नाही. म्हणूनच ती बाजाराच्या हवाली करून चालणार नाही.

काही वाचक म्हणतील, आता यंत्रेच सारे आकडे उड्डाणातून जमिनीवर पाठवितात, संगणक कल शोधून काढतात, मग माणसाचे एवढे काय? हे खरे आहे, आणि त्यामुळे पुष्कळ दोष आधी कळतात, हेही खरे. पण संगणक सुचवितो. विमान सोडायचे की थांबवायचे या कागदावर आजही परवानाधारक माणसाचीच सही लागते. आकडे जितके वाढतील तितकी ते वाचणाऱ्याची जबाबदारी वाढेल.

तो जिनचा फिटर आता निवृत्त झाला आहे. कान पूर्वीसारखे राहिले नाहीत, असे तो सांगतो. मुलगा घरी आला की दोघे अंगणात बसून यंत्रांच्या गोष्टी करतात. बापाने कधी जेट इंजिन जवळून पाहिले नाही, मुलाने रेचा कधी दुरुस्त केला नाही. पण दोघांना एकमेकांचे सारे कळते. आपल्या जिल्ह्यात असे कान पुष्कळ आहेत. त्यांना परवान्यापर्यंत पोहोचविण्याची आणि मग त्यांच्या ‘नाही’ला किंमत देण्याची तयारी आपली आहे का, हा प्रश्न मात्र इंजिनांच्या कारखान्यात सुटणारा नाही.